जुने रेल्वेमार्ग, बंद दगडखाणी आणि आपली फोर बाय फोर: ठाणे–नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, घेतली की पहिल्या महिन्यातच प्रश्न पडतो, ही न्यायची कुठे? घोडबंदर रोडवर खड्डे भरपूर असले तरी त्याला ऑफ-रोडिंग म्हणत नाहीत. मग कुणीतरी परदेशातले व्हिडिओ दाखवतं: ओसाड खाणी, उखडलेले रूळ, बोगद्यातून जाणारी जीप. आणि विचारणा सुरू होते, आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, पण वेगळ्या स्वरूपात. आपल्याकडे गाडीने जवळ पोचायचं, ती नीट लावायची आणि पुढचं पायी किंवा लांबून बघायचं. हे पटत नसेल तर खालची उत्तरं जरा कडवट लागतील.

आपल्या भागात सोडून दिलेला रेल्वेमार्ग नक्की कुठे आहे?

मुख्य जागा दोन, आणि दोन्ही घाटात: कर्जत–खंडाळा दरम्यानचा बोरघाट आणि कसारा–इगतपुरी दरम्यानचा थळघाट. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली हे शाळेत शिकवतात. त्यानंतरची दहा-बारा वर्षं मात्र कुणी शिकवत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली, १८५६ मध्ये खोपोलीला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत पूर्ण झाला नव्हता. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, घोड्याने नाहीतर पायी घाट चढायचे आणि वर दुसरी गाडी पकडायचे. थळघाट १८६५ मध्ये खुला झाला.

दोन्ही घाटांत मूळ मार्गाचा काही भाग पुढे बदलला आणि जुना सोडून दिला. थळघाटात हे १९१८ मध्ये झालं, बोरघाटात १९२९ मध्ये. आपण ज्याला ‘जुनी लाइन’ म्हणतो ती हीच.

चांगली चालणारी लाइन सोडून का दिली?

उलट्या स्थानकामुळे. घाटात गाडी वळवायला पुरेशी जागा नसेल तर इंजिनिअर एक युक्ती करतात. गाडी चढत चढत कड्यावरच्या एका बंद टोकाच्या स्थानकात नेतात, तिथे इंजिन मागच्या बाजूला आणून जोडतात आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढू लागते. इंग्रजी झेड अक्षरासारखा मार्ग होतो. दोन्ही घाटांत असं एकेक स्थानक होतं. चढण ३७ फुटांत १ फूट, म्हणजे रेल्वेच्या मानाने भलतीच तीव्र.

या व्यवस्थेत दोन अडचणी होत्या. बंद टोकाच्या स्थानकात मावेल तेवढीच गाडी लांब करता यायची, त्यामुळे वाहतूक वाढली तशी ती जागा गळ्याशी आली. दुसरी अडचण उताराची. ब्रेक गेले तर त्या टोकापुढे सरळ दरी. १८६९ मध्ये बोरघाटात एक गाडी अशीच टोक ओलांडून पुढे गेली होती. शेवटी नवे बोगदे खोदून वळणदार मार्ग काढला आणि उलटी स्थानकं बंद केली. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात ती मात्र आजही कर्जतला आणि कसाऱ्याला लागतात, कारण चढण तीच आहे.

बोरघाटाच्या बांधकामाची गोष्ट तर एखाद्या कादंबरीला पुरेल. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच, १८५९ मध्ये वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट चालवलं. ऐन कामाच्या दिवसांत घाटात चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. पंचवीस बोगदे त्यांनी सुरुंग, पहार आणि घमेल्यावर काढले. पटकी आणि तापाने त्यांतले हजारो गेले. त्यांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत.

मग तिथे गाडी घेऊन गेलं तर काय बघायला मिळतं?

बोरघाटासाठी आमची आवडती वाट म्हणजे सकाळी लवकर खोपोलीमार्गे जुन्या रस्त्याने चढायचं. १८३० मध्ये खुला झालेला घाटरस्ता तो हाच घाट. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि बदल्यात त्यालाच मारलं, अशी आख्यायिका. ड्रायव्हर लोक अजून तिथे नाणं टाकून पुढे जातात. कागदोपत्री पुरावा मागू नका, नाणं टाका.

वर खंडाळ्याला आलात की नागफणीच्या बाजूने किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या पॉइंटवरून खाली बघा. आजचा रेल्वेमार्ग, एक्स्प्रेसवे आणि जुना रस्ता एकमेकांना कसे छेदतात ते एका नजरेत येतं. १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, तो आता फक्त जुन्या फोटोंत. उलटं स्थानक याच परिसरात होतं. एक्स्प्रेसवेवर ते बघायला गाडी थांबवू नका. तिथे थांबायला मनाई आहे, आणि मागून येणाऱ्या ट्रेलरला इतिहासात रस नसतो.

गाडीचा कस पाहायचा असेल तर लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीची वाट धरा. तो गावाचा रस्ता आहे, त्यामुळे जायला हरकत नाही. उल्हास नदीचं खोरं तिथून दिसतं आणि रेल्वेला या भिंतीवर चढायला एवढा आटापिटा का करावा लागला ते नकाशाशिवाय कळतं. पावसाळ्यात ही वाट फसवी होते.

थळघाटासाठी नाशिक महामार्गाने कसारा. घाटातल्या रस्त्यावरून चालू लाइनचे पूल आणि बोगद्यांची तोंडं मधूनमधून दिसतात. कसारा स्टेशनबाहेर चहा घेत मागची इंजिनं जोडताना बघणं, हे आमच्या मते संपूर्ण सहलीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं.

जुना रेल्वेमार्ग ओळखायचा कसा? आम्हाला तर सगळीकडे झुडपंच दिसतात.

झुडपांकडे बघू नका, उताराकडे बघा. बैलगाडीची वाट, पाऊलवाट, गावचा रस्ता हे सगळे जमिनीच्या मनाप्रमाणे वर-खाली होतात. रेल्वे तसं करत नाही. लांबवर एकसारखा चढ, मोठ्या त्रिज्येचं वळण, उंचवटा आला की तो कापलेला आणि खोलगट आलं की भराव घातलेला. तीनशे-चारशे मीटर चालूनही चढ बदलला नाही तर तुम्ही बहुधा जुन्या मार्गावर आहात.

मग बारीक खुणा शोधा. घडीव काळ्या दगडाची, कमानीची मोरी ओढ्यावर उभी असते आणि तिच्या वरून कुठलाच रस्ता जात नसतो. कापलेल्या कड्यावर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांचे अर्धे नळ उभे दिसतात. पायाखाली एकाच मापाची, कोपरे धारदार असलेली खडी लागते. ओढ्यातला गोटा गुळगुळीत असतो, रेल्वेची खडी तशी कधीच नसते. क्वचित रुळाचा तुकडा कुंपणाचा खांब म्हणून रोवलेला दिसतो. पण फक्त त्यावरून निष्कर्ष काढू नका, भंगारातून आलेले रूळ महाराष्ट्रभर कुंपणाला आहेत.

घरबसल्या तयारी करायची असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने, मैलाला इंच मापाचे नकाशे बघा. त्यांवर रेल्वे, भराव आणि कापणी वेगळ्या खुणांनी दाखवलेल्या असतात. तीच जागा उपग्रहचित्रावर उन्हाळ्यातल्या तारखेची काढा. गवत वाळलं की जुन्या भरावाची रेघ स्पष्ट उठून दिसते, श्रावणात तीच गायब असते.

रूळच नाहीत, मग त्या पट्ट्यावरून गाडी नेली तर कुणाचं काय जातं?

रूळ गेले म्हणून मालकी जात नाही. बहुतेक जुना पट्टा रेल्वेच्या नावावर असतो, उरलेला वनखात्याकडे किंवा खासगी. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राखीव वनात गाडी घातली तर भारतीय वन अधिनियम १९२७ लागतो आणि गाडी अडकून पडते ती वेगळीच.

कायदा बाजूला ठेवला तरी जुनी मोरी भरवशाची नसते. तिची कमान मजबूत वाटते, पण सांध्यांतला चुना दीडशे पावसाळ्यांनी धुऊन नेलेला असतो. घाटातला एक मोठा दगडी पूल तर बांधून चारच वर्षं झाली असताना, १८६७ मध्ये कोसळला होता. दोन टनांची गाडी अशा मोरीवर उभी करून फोटो काढणाऱ्याबद्दल आम्हाला सहानुभूती नाही.

जागा कोणाची हे बघणं अवघड नाही. महाभूनकाशावर गट नंबर शोधा, मग सातबारा काढा. भोगवटादाराच्या जागी रेल्वे, वन, सिडको, महाराष्ट्र शासन की कुणी शेतकरी, ते लगेच कळतं. शेतकरी असेल तर काम सोपं. त्यांना जाऊन विचारायचं.

पारसिकचा बोगदा जुना आहे, तिथे जाता येईल का?

नाही. बोगदा १९१६ चा, सुमारे १.३ किलोमीटर लांब, आणि त्यातून आजही गाड्या धावतात. जुना आणि बंद यांत फरक आहे. कर्जत–खंडाळा रुळांवरून चालत जाण्याची जी फॅशन मधल्या काळात आली होती तिलाही हेच उत्तर.

ठाणे–नवी मुंबईच्या अगदी जवळ, अर्ध्या दिवसात होईल असं काही?

वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकंच पाणी लागायचं, हे आपण विसरलो. ऐरोलीजवळ दिघ्याला इलठणपाड्याचं धरण आहे, ते रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेलं. अंबरनाथजवळ काकोळे गावाचा जीआयपी (म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा) तलावही त्याच कुळातला, त्याच्याच पाण्यावर पुढे रेल नीर या बाटलीबंद पाण्याचा कारखाना आला. इगतपुरीलाही रेल्वेचा जुना तलाव आहे. दोन घाट आणि हे तलाव नकाशावर जोडले की ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचं अख्खं शरीर समोर येतं. या जागा रेल्वेच्या आहेत, तेव्हा बाहेरून बघा. दिघ्याला वस्तीतून अरुंद गल्ल्या आहेत, मोठी गाडी स्टेशनजवळच ठेवा आणि रिक्षा करा. फोर बाय फोरवाल्याला रिक्षा करायला सांगणं अपमानास्पद वाटेल, पण तिथे रिव्हर्स घेताना जो अपमान होतो त्यापेक्षा कमीच.

नवी मुंबईत खाणी आहेत म्हणतात. कसल्या खाणी?

दगडखाणी. सोनं-चांदी, कोळसा, लोखंड असलं काही नाही. ठाणे–बेलापूर रस्त्याने जाताना पूर्वेला पारसिकची रांग दिसते, तिच्या अंगावर मोठमोठे चौकोनी घाव आहेत. दिघा, तुर्भे, शिरवणे, नेरूळ, पुढे उलव्यापर्यंत डोंगर फोडून खडी, डबर, ग्रिट आणि मुरूम काढला गेला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, खाडीकाठी भराव घालून शहर उभं राहिलं, आणि त्यातल्या काँक्रीटमधला बराच डोंगर इथलाच. उलव्याची टेकडी तर विमानतळासाठी सपाटच केली.

खाणीच्या उभ्या भिंतीत आपल्याला फुकटात भूगर्भशास्त्र वाचता येतं. हा सगळा दख्खनचा काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एकावर एक थर दिसतात, दोन थरांच्या मध्ये कधी लालसर मातीचा पट्टा असतो, म्हणजे पुढचा लाव्हा येईपर्यंत खालच्या थराची माती व्हायला वेळ मिळाला होता. दगडातल्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक असतात, झिओलाइट आणि त्याच्या भावंडांचे. बोरघाटात रेल्वेचं खोदकाम चाललं तेव्हाही असे स्फटिक निघाले आणि परदेशी संग्रहालयांपर्यंत गेले. त्यामुळे आम्ही खाण आणि रेल्वे हे दोन वेगळे छंद मानत नाही. एकाच दगडाशी झालेल्या दोन झटापटी आहेत त्या.

बंद खाणीत गाडी चालवायला परवानगी कोण देतं?

आधी खाण खरंच बंद आहे का ते बघा. रविवारी शुकशुकाट असतो म्हणून खाण बंद ठरत नाही. सोमवारी सकाळी क्रशर आणि पोकलेन सुरू असतात. चालू खाणीत बाहेरच्या माणसाला सुरुंगाची वेळ माहीत नसते आणि डंपरवाल्याला तुम्ही दिसत नाही.

गौण खनिजाचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेतून मिळतो, तिथे चौकशी केली तर खाणपट्टा कोणाच्या नावावर होता ते कळतं. जमीन सिडकोची किंवा वनखात्याची असेल तर छंदासाठी परवानगी मिळेल अशी आशा धरू नका. खासगी जमिनीच्या मालकाची लेखी संमती मिळाली तर उत्तम. दिवस, वेळ, गाड्यांचे नंबर आणि नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, एवढं एका कागदावर घ्या. तोंडी ‘या हो कधीपण’ हे भांडण झालं की कुणालाच आठवत नाही.

बऱ्याच जणांना शेवटी जमतं ते असं: ऑफ-रोड क्लब पावसाळ्याआधी आणि नंतर खासगी जागेवर दिवसभराचे कार्यक्रम घेतात, तिथे पैसे भरून जायचं. खाणीचा चढ-उतार हवाय ना, तो तिथे मिळतो, आणि उलटलेली गाडी सरळ करायला माणसंही.

खाणीत निळंहिरवं पाणी साचलंय. पोहायला उतरलं तर?

उतरू नका. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच.

खाणीच्या तलावाला तलावासारखा काठ नसतो. नदीत पाणी हळूहळू खोल होतं. खाणीत घोट्याएवढ्या पाण्यात उभं असताना पुढचं पाऊल तीस फुटांत पडू शकतं, कारण खाली डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उभा कापलेला आहे. भिंत गुळगुळीत, धरायला काही नाही. वरचं पाणी उन्हाने कोमट असतं, खाली एकदम गार, आणि तो गारठा बसला की चांगल्या पोहणाऱ्याचाही दम तुटतो. तळाशी जुनी तार, सळ्या, कधी आख्खं यंत्र. दर उन्हाळ्यात आणि गणपतीच्या आसपास ठाणे-रायगड पट्ट्यातल्या खाणींत पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. बहुतेकांना पोहता येत होतं.

गाडी धुवायलाही काठाशी नेऊ नका. काठावरचा मुरूम ओला झाला की वजनाने सरकतो. कड्यापासून निदान गाडीच्या दोन लांब्या आत राहा, आणि उभ्या भिंतीखाली तर गाडी लावूच नका. सुरुंगाने खिळखिळे झालेले दगड वर्षानुवर्षं तसेच टेकून असतात आणि पहिल्या पावसात सुटतात. जमिनीत रंगीत वायर किंवा न फुटलेल्या सुरुंगासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे फिरा आणि ११२ ला कळवा.

जमिनीखालच्या, बोगद्याच्या खाणी बघायच्या असतील तर?

ठाण्यात नाहीत. कोकणात खाली जा, रायगड-रत्नागिरीत बॉक्साइट आणि सिंधुदुर्गात रेडीचं लोहखनिज आहे, पण तेही उघड्या खाणीतलंच. जमिनीखालच्या खाणी विदर्भात, चंद्रपूर-वणीकडे कोळशाच्या आणि नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजच्या. बंद पडलेल्या भुयारी खाणीत वाटाड्याशिवाय शिरण्याचा विचारही नको. तिथे प्राणवायू कमी असलेली हवा तळाशी साचते, तिला वास नसतो आणि माणूस घाबरायच्या आत बेशुद्ध पडतो.

गाडी कुठली लागते? माझ्याकडे साधी बोलेरो आहे.

चालेल. वर सांगितलेल्यांपैकी जवळपास सगळ्या जागी कोरड्या दिवसांत बोलेरो पोचते. फोर बाय फोरचा खरा उपयोग चिखल, सुटा मुरूम आणि तीव्र उतारावर लो रेंजमध्ये (सगळ्यात हळू, जोरकस गिअरमध्ये) इंजिनच्या जोरावर हळू उतरताना होतो. जुनी जिप्सी हलकी म्हणून अजून लोकांचा तिच्यात जीव आहे, थार आणि गुरखाला ताकद आहे, जिम्नी अरुंद वाटेला बरी. वादात आम्ही पडत नाही. चालवणारा ब्रेकवर पाय दाबून उतरणार असेल तर सगळ्या गाड्या सारख्याच घसरतात.

टायरची हवा किती कमी करायची?

वाळूतल्या व्हिडिओंचा सल्ला इथे लावू नका. वाळूत पंधरा पीएसआयच्या आसपास आणतात, कारण टायर पसरायला हवा असतो. काळ्या दगडाच्या खाणीत तुटलेल्या दगडाला सुरीसारखी धार असते आणि हवा कमी केली की टायरची बाजू फुगून नेमकी त्या धारेवर येते. बाजू फाटली की पंक्चरवाला काही करू शकत नाही. आम्ही खडकाळ वाटेवर पंचवीसच्या खाली सहसा जात नाही, चिखलात वीसच्या आसपास. परतीच्या डांबरी रस्त्यावर पुन्हा भरायला छोटा कंप्रेसर बरोबर हवाच. एक पुरी स्टेपनी, शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी), ओढायचा दोर आणि दुसरी गाडी, एवढं असल्याशिवाय निघू नका. टोईंगचा दोर बंपरला बांधणारे अजून आहेत. हुक शोधा.

ओढा ओलांडायचा असेल तर?

गाडी किती खोल पाण्यातून जाते याचा कंपनी सांगते तो आकडा साचलेल्या पाण्याचा असतो. थारला ६५० मिलिमीटर, गुरखाला ७०० सांगितलेत, म्हणून घाटातल्या वाहत्या ओढ्यात तेवढं जायचं नसतं. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की गाडी आडवी ढकलायला पुरतं. आधी काठीने चालत बघा. पाणी गढूळ होऊन वाढत असेल तर वर डोंगरात पाऊस सुरू झालाय, तिथेच थांबा.

गाडीला बुलबार (पुढे लावायचे लोखंडी दांडे), मोठे टायर, उंची वाढवून घेतली तर?

बुलबार केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवलेत. गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येणार नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे. विमा कंपनीला नकार द्यायला एवढं कारण पुरतं.

पावसाळ्यात सगळं हिरवं असतं तेव्हा जाऊ का?

जुनी कापणी म्हणजे पावसाळ्यात नालाच. दरड, शेवाळ, धुकं आणि गर्दी चौघं मिळून येतात. शिवाय खारघरच्या पांडवकड्यासह बऱ्याच धबधब्यांवर आणि धरणांवर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आमचा काळ. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाने जीव जातो, पण गवत वाळल्यामुळे खुणा सगळ्यात चांगल्या तेव्हाच दिसतात. पहाटे निघा, अकराला आवरा.

येऊरला नेली तर?

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. रस्ता सोडून गाडी नेता येत नाही. तानसा, तुंगारेश्वर, कर्नाळा इथेही तेच. बिबट्याला आपल्या एक्झॉस्टची हौस नाही.

साप, मधमाश्या यांची भीती किती खरी?

सापापेक्षा आम्ही मधमाश्यांना जास्त घाबरतो. उंच दगडी पुलाच्या कमानीखाली आणि खाणीच्या भिंतीला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात. परफ्यूम, धूर, हॉर्न, ड्रोनची घरघर, यातलं काहीही त्यांना उठवतं. उठल्या तर हात हलवत उभं राहू नका, गाडीत शिरून काचा लावा. कापडी टपाच्या गाडीवाल्याने पोळं दिसताच आधीच लांब लावावी.

साप म्हणाल तर कोकणपट्टीत फुरसं. वीतभर-दीड वीत, दगडाखाली, मातीच्याच रंगाचं. घोट्यावरचे बूट घाला, दगड हाताने उलटू नका. चावलं तर बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. हालचाल कमी ठेवून १०८ ला फोन आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय. निघण्याआधीच ते कुठे आहे ते बघून ठेवा, कारण कसारा घाटात आणि राजमाचीच्या वाटेवर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

गावातले लोक अडवतात का?

आपण कसे जातो त्यावर आहे. कातकरी किंवा ठाकरवाडीतून चार गाड्या धूळ उडवत, गाणी लावत गेल्या तर परत येताना वाटेत दगड रचलेले मिळतात, आणि ते योग्यच आहे. वस्तीच्या अलीकडे थांबा, एकट्याने पुढे जा, वडीलधाऱ्या माणसाला ‘मामा, वाट पुढे जाते का’ असं विचारा. जुन्या लाइनबद्दल पुस्तकापेक्षा जास्त तिथे कळतं. कुठल्या मोरीखाली म्हशी बसतात, कुठला पूल परवा पडला. जेवण सांगून ठेवलं तर पैसे आधी ठरवून पूर्ण द्या, घासाघीस भाजीवाल्याशीही करू नका आणि इथे तर नकोच.

ड्रोन उडवू का?

नवी मुंबईत जवळजवळ विसरा. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्‌घाटन झालं आहे आणि विमानतळाच्या हद्दीजवळ ड्रोनला मनाई असते. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर लाल-पिवळा-हिरवा पट्टा बघूनच ठरवा. चालू रेल्वेमार्गावर तर विजेच्या तारा आहेत, तिथे नकोच.

जुना खिळा, फिशप्लेट (रूळ जोडायची पट्टी), रुळाचा तुकडा आठवण म्हणून आणला तर?

रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो गंजलेल्या खिळ्यालाही लागतो. फोटो आणा.

चार दिवस सुट्टी आहे. खरीखुरी, रूळ असलेली बंद रेल्वे बघायचीय.

मग विदर्भातलं मूर्तिजापूर गाठा. तिथली शकुंतला रेल्वे, दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३. १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरमध्ये बनलेलं १९२१ सालचं वाफेचं इंजिन ओढत होतं. आता गाडी धावत नाही. ठाण्याहून आमण्याला समृद्धी महामार्ग धरायचा आणि कारंजा लाडला उतरायचं. लाइनला समांतर गावरस्ते आहेत, त्यामुळे रुळांवर न जाता स्टेशनं एकेक करून बघता येतात. कापसाच्या हंगामात गेलात तर ही लाइन कशासाठी घातली होती ते शेतंच सांगतात.

बार्शी लाइटचं आकर्षण वेगळं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली तीही अडीच फुटी, पुढे पंढरपूर, मिरज आणि लातूरपर्यंत गेली. आता तिथे ब्रॉडगेज आहे. कुर्डुवाडी-बार्शी भागात गावकऱ्यांना विचारलंत तर जुन्या गाडीच्या आठवणी भरपूर, वारीच्या दिवसांतल्या तर खासच.

घरच्यांना, मुलांना यात रस नाही. काय करू?

त्यांना नेरळला सोडा. १९०७ पासूनची माथेरानची दोन फुटी गाडी २०१९ च्या पावसात बंद पडली होती, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तुम्ही गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत आणा, त्यापुढे माथेरानात बाहेरच्या वाहनांना बंदीच आहे. सुट्टीच्या दिवशी तिकीट मिळणं कठीण, रांगेत लवकर उभे राहा.

कुत्रा बरोबर नेला तर चालेल?

खाणीत नको, काठ त्यालाही कळत नाही. कसाऱ्याला चालेल, फक्त स्टेशनवरच्या कुत्र्यांशी तुमचं तुम्ही बघा.